दोघी एकदम ओ देतात

मीरा रोड, रविवार, १९ जून १९९४

ती. आईंना गुणवंतचा नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. कार्ड उघडं असतं, त्यामुळे माझ्या आधी ते पोस्टमननं, खालच्या वॉचमननं आणि समोरच्या आयडानं वाचलं. "एकट्या पुरुषाला दोन मुली झेपायच्या नाहीत. उर्मिला मला द्या, इशिता तुम्ही ठेवा." बस, एवढंच. घरातली दोन पातेली वाटून घ्यावीत तसं.

माफ करा, हे शेवटचं वाक्य लिहायचं नव्हतं. पण आंतरदेशीय पत्र एकच आणलंय, आणि खोडलं तर तुम्हाला वाटेल काहीतरी लपवतोय.

नीलमला जाऊन गणपतीत दोन वर्षं होतील. तिच्या दिवसकार्याला तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "माझी मुलगी मिठागरात नेऊन ठेवलीत आणि टँकरचं पाणी पाजलंत." त्यानंतर आपण दोघं एकमेकांशी बोललो नाही. मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आताही देत नाही. पाणी खळखळून उकळतो, गाळतो, झाकून ठेवतो, एवढं कळवतो.

तुम्ही नाशिकला मुलींचं अख्खं वसतिगृह सांभाळलंत. त्यापुढे दोन मुली म्हणजे काय, असं तुम्हाला वाटत असणार. मलाही आधी तसंच वाटायचं.

मुली दुसरीत गेल्या. दोन वेण्या आणि लाल रिबिनी, असा शाळेचा नियम आहे. मला वेण्या जमतात. शाळा सुटल्यावर मी काशीमिऱ्याच्या कारखान्यातून येईपर्यंत त्या आयडाकडे असतात. आयडा उत्तनकडची, डोंगरीची. नवरा हेन्री बोटीवर असतो. तिचा डॅरेन मुलींच्याच शाळेत आहे. बाई तोंडाळ आहे, पण मुलींना जीव लावते. म्हणजे सगळं व्यवस्थित चाललंय. उर्मिलाला पाठवायची गरज

(टँकर आला, उठावं लागलं. परत येऊन बघतो तर उरलेल्या जागेत मुलींनी लिहून ठेवलंय.)

आजी मी उर्मिला. बाबांना वेणी येत नव्हती म्हणून त्यांनी कारखान्यातून सुतळी आणली आणि कपाटाच्या मुठीला बांधून शिकले. आता कपाटाची वेणी छान येते. आमची नाही येत.

आजी मी इशिता. पहिल्या दिवशी बाबांनी घाईत माझी एक वेणी आणि उर्मीची एक वेणी एकाच रिबिनीत बांधली. आम्ही दारातून एकदम निघालो आणि अडकलो. आयडा आंटी इतकी हसली की तिचं दूध उतू गेलं.

आई, वरचं खोटं नाही. पण ते एकदाच झालं.

गुणवंत


मीरा रोड, ३१ जुलै १९९४

ती. आईंना नमस्कार.

तुमचं कार्ड आलं, मुलींच्या नावे. त्यात माझं नाव फक्त पत्त्यात होतं, 'द्वारा' लिहून. हरकत नाही. मुलींना तुम्ही विचारलंय, "तुमचे बाबा औषधपाण्याचं बघतात का?" मुली उत्तर देण्याआधी मीच देतो.

इशिताला ताप होता. डॉक्टरांनी गोड लाल औषध दिलं, सकाळ-संध्याकाळ. मी नेमानं दिलं. ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, "औषध पोटात जातंय ना?" मी म्हटलं, माझ्या हातानं देतो. खरंच देत होतो. पण जुळ्यांचे चेहरे सारखे, सकाळच्या गडबडीत जी आधी तोंड उघडून समोर येई तिला. ती उर्मिला असायची. तिला औषध आवडलं होतं. आजारी मुलगी पलंगावर पडून, आणि ठणठणीत मुलगी औषध पिऊन ओठ चाटतेय. विचारलं, "अगं, तू उर्मी ना? सांगायचं नाही?" तर म्हणाली, "तुम्ही इशी म्हणून हाक मारली, मी ओ दिली."

हे तुम्हाला कळवायचं नाही असं ठरवलं होतं. पण मुली कळवणारच, तेव्हा माझ्याकडूनच कळलेलं बरं. उर्मिलाला काही झालं नाही, फक्त दोन दिवस दुपारीही झोपली. इशिता आता बरी आहे.

हे ओ देण्याचं मात्र मला समजत नाही. हाक कुणालाही मारा, दोघी एकदम ओ देतात. आधी लबाडी वाटली. मग लक्षात आलं, बाईंनी, भाजीवाल्यानं, वॉचमननं, सगळ्यांनी त्यांची नावं इतक्या वेळा चुकवलीत की कुठल्याही नावाला ओ देणं त्यांना सोपं पडतं. वॉचमन तर रोज विचारतो, "साब, एक बेबी ऊपर गया कि दोनों?" मी म्हणतो, दोनों. मग वर येऊन बघतो, तर एकच असते. मग पुन्हा खाली धावतो. नीलमला हा प्रश्न कधी पडला नाही. ती पाठमोरीसुद्धा ओळखायची. कशी ओळखायची ते विचारायचं राहिलं.

परवा एकीला दोनदा न्हाऊ घातलं. दुसरी पलंगाखाली बसून हसत होती.

मुलींनी या वेळी लिहायला नकार दिलाय. म्हणतात, तुम्हीच सगळं सांगून टाकलंत.

गुणवंत


मीरा रोड, २ ऑक्टोबर १९९४

ती. आईंना नमस्कार.

शाळेनं मुलींना दोन वेगवेगळ्या तुकड्यांत बसवलंय. इशिता 'अ'मध्ये राहिली, उर्मिला 'ब'मध्ये गेली. शाळेची काही सोय असेल. बाकी ठीक.

आजी, मी इशिता. सोय नाही. तोंडी परीक्षा होती. उर्मीला पाढे येतात आणि मला कविता येते. म्हणून पाढ्यांना ती दोनदा गेली आणि कवितेला मी दोनदा गेले. पण उर्मीचा पुढचा दात पडलाय हे आम्ही विसरलो. बाई म्हणाल्या, इशिता, पाढे म्हणताना तुझा दात नव्हता, कविता म्हणताना कसा आला? मी म्हटलं, उगवला.

हो आई, तसंच झालं. मला शाळेत बोलावलं होतं. मोठ्या बाईंच्या खोलीत मी हात बांधून उभा होतो, दोघी माझ्या दोन्ही बाजूंना. बाई रागावल्या होत्या, पण "उगवला" सांगताना त्यांनाच हसू आवरेना. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "या दोघी एकत्र राहिल्या तर एकच मुलगी होतील. वेगळ्या बसवू." मला वाटलं, आता रडारड होणार. इशिता डबा खाणार नाही, उर्मिला वर्गातून उठून येणार. पहिल्या दिवशी कारखान्यात माझं चित्त नव्हतं. नट मागितले तर वॉशर दिले. दुपारी रजा टाकून शाळेच्या कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो.

सुट्टी झाली. उर्मिला कुणा स्टेफनीच्या गळ्यात हात टाकून बाहेर आली. इशिता मैदानात दोरीवरच्या उड्या मारत होती. दोघी एकमेकींच्या बाजूनं गेल्या आणि एकीनंही दुसरीकडे बघितलं नाही.

हे तुम्हाला लिहायचं की नाही, यावर आठवडाभर येरझाऱ्या घातल्या. कारण माझ्याकडे तुम्हाला सांगण्यासारखं एकच कारण होतं, की जुळ्या आहेत, वेगळ्या राहू शकत नाहीत. ते कारण आता उरलं नाही.

दिवाळीच्या सुट्टीत उर्मिलाला पाठवा असं तुम्ही लिहिलंय. "जमतंय का बघू, मग दाखल्याचं बोलू," असंही. आमच्या कारखान्यातला दशरथ सहकुटुंब नाशिकला सासुरवाडीला चाललाय, तो आणून पोचवेल. फक्त सुट्टीपुरती पाठवतोय. दाखल्याचं मी अजून कबूल केलेलं नाही.

आजी मी उर्मिला. आयडा आंटी आणि बाबा बोलत होते तेव्हा आम्ही ऐकलं की तुला आमच्यातली एक पाहिजे. आम्ही ठरवलंय की एक महिना मी येईन आणि एक महिना इशी येईल. दोघींनी आपलं नाव उर्मिला सांगायचं. म्हणजे तुला कळणार नाही आणि वाईट वाटणार नाही.


मीरा रोड, शनिवार, १२ नोव्हेंबर १९९४

ती. आईंना.

नमस्कार लिहायला हात थोडा अडखळतोय, पण करतो.

तुमचं कार्ड आलं. "उर्मिला मजेत आहे, दोन वेळा पोळी-भाजी खाते, इथल्या शाळेत तिच्यासाठी विचारून ठेवलंय, अठरा तारखेपर्यंत दाखला पाठवावा." वाचलं.

इकडे दिवाळी झाली. इशिताची पहाट काही सरेना. अभ्यंगाला बसली आणि म्हणाली, "बाबा, आज दोनदा न्हाऊ घातलंत तरी चालेल." मी विचारलं, का? तर म्हणाली, "उर्मीचं राहिलंय ना." मग फराळाच्या ताटातल्या चकल्या एकटीनं संपवल्या, स्वतःशीच भांडली, "तू जास्त खाल्लीस," "नाही, तू," आणि पोट दुखलं म्हणून दिवसभर झोपून राहिली. आयडा म्हणाली, "गुणवंत, पोरीला मी डोंगरीला माजे मायकडं नेते. आतं घरात ती भिंतीशी बोलल." नेलं. तिकडे वाळत घातलेले बोंबील बघून पोरगी खूश झाली असं कळलं.

घर एकदम रिकामं झालं. मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. कपाटाच्या मुठीला सुतळी होती, ती सोडली, पुन्हा बांधली. आणि मग आई, गुरुवारी मी नाशिकला आलो होतो.

तुम्हाला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. सकाळी निघालो, ठाण्याला एसटी पकडली, दुपारी नाशिकरोडला उतरलो. उर्मिलाला परत न्यायचं, एवढं एकच डोक्यात होतं. तुम्हाला काय सांगायचं, ते वाटेत पाठ करत होतो. इगतपुरीपर्यंत बोलणं सभ्य होतं, पुढे पुढे बिघडत गेलं.

तुमच्या घरासमोर पिठाची गिरणी आहे. तिथवर आलो आणि ओटीवर उर्मिला दिसली. फरशीवर खडूनं घरं आखून लंगडी घालत होती. वेण्या इतक्या घट्ट आणि सारख्या, की मला आधी वाटलं, दुसऱ्याच कुणाची मुलगी. हसत होती. तुम्ही दारात बसून गहू निवडत होतात आणि तुम्हीही हसत होतात. नीलम गेल्यापासून तुम्हाला हसताना मी पाहिलं नव्हतं. तेवढ्यानंच मी गिरणीपाशी थांबलो.

मग तुम्ही सूप घेऊन आत गेलात आणि आतून हाक मारलीत, "नीलम, तेवढी चाळण आण गं."

आणि उर्मिलानं ओ दिली. चाळण उचलली आणि आत गेली.

तुमच्या लक्षात आलं नसेल. तिच्याही आलं नाही. चुकीच्या नावाला ओ द्यायची तिला सवय आहे, ती तिला आम्हीच लावली. गिरणीवाला मला म्हणाला, "काय पाहिजे?" मी म्हटलं, काही नाही. आणि परत फिरलो.

आई, मला राग आला नाही, हे तुम्ही खरं माना. घरात कुणाला हाक मारताना ते नाव माझ्याही तोंडात येतं. मी ते गिळतो, इतकंच. येताना वरसाव्याला पुलापाशी ट्रकांची रांग लागली होती, बस हलेना. मला बसवेना. उतरलो आणि काशीमिऱ्याकडे चालत सुटलो. चालताना जे सुचलं ते लिहितो.

मुली एकमेकींवाचून राहू शकतात. मी पाहिलंय. उर्मिला माझ्यावाचूनही राहू शकते, तेही आता पाहिलं. मीच राहू शकत नाही. हे कारण कुठल्या वडीलधाऱ्यापुढे ठेवण्यासारखं नाही, तरी तेच खरं आहे. आणि दुसरं, इकडे ती कधी इशिता होते, कधी उर्मिला होते. चुकली तरी त्या दोनातलीच एक असते. तिकडे ती नीलम होईल. सात वर्षांच्या मुलीला तेवढं ओझं नको.

दाखला मी पाठवणार नाही. सुट्टी संपायच्या आत उर्मिलाला पोचवा, किंवा मी येतो. या वेळी दार वाजवीन.

गुणवंत


मीरा रोड, २१ नोव्हेंबर १९९४

ती. आईंना नमस्कार.

काल तुम्ही स्वतः आलात, इमारतीखालून परत गेलात. मी तेव्हा तळमजल्यावरच होतो, पण मागच्या बाजूला, टँकरच्या रांगेत, हातात दोन हंडे. आयडा जिन्यात होती. ती सांगते, "वर या बोलले मी, तं न्हाय बोलली. पोरीचा हात माजे हातात दिला, रिक्षा थांबवलेलीच होती. मावशीचा चेहरा, गुणवंत, मना बघवला न्हाय." हंडे टाकून मी रस्त्यापर्यंत पळत आलो. पूनम सागर वसाहतीच्या वळणावर एक रिक्षा दिसली, पण त्या रस्त्याला सगळ्या रिक्षा सारख्याच.

उर्मिलानं निरोप सांगितला. "आजी म्हणाली, बाबांना सांग, पत्र मिळालं." आणखी काही म्हणाली का, विचारलं. म्हणाली, नाही. रात्री जेवताना तिला आठवलं. "एसटीत आजी मला सारखी हाका मारत होती. खिडकी लाव, शेंगदाणे घे. दर वेळी आधी गप्प राहायची आणि मग म्हणायची, उर्मिला. असं हळूहळू, पाढे म्हणतात तसं."

मी ताट सोडून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. मी लिहिलं ते लिहायला हवं होतं का, हे मला कळत नाही. परत घ्यावं असंही वाटत नाही. तुम्ही शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

इशितानं पाच मिनिटं उर्मिलाला मिठी मारली आणि सहाव्या मिनिटाला तिच्या कानाचा चावा घेतला. कारण, उर्मी म्हणाली की आजीच्या वेण्या तुझ्यापेक्षा चांगल्या. मी म्हटलं, वेण्या मी घालतो, ती नाही. तर दोघी मिळून म्हणाल्या, "हो, तुमच्यापेक्षाच."

उत्तर द्या. उघड्या कार्डावर दिलंत तरी चालेल.

गुणवंत


मीरा रोड, १५ जानेवारी १९९५

ती. आईंना नमस्कार, आणि कालच्या संक्रांतीचा तिळगूळ.

तुमचं उत्तर नाही. डिसेंबर पोस्टमनच्या पिशवीकडे बघण्यात गेला. तो आता मला लांबूनच मान हलवून नाही म्हणतो. तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं, हे टाकणार.

दोघींना कांजिण्या आल्यात. आधी इशिताला आल्या. डॉक्टर म्हणाले, दुसरीला वेगळी ठेवा. उर्मिलाला आयडाकडे ठेवलं, तर डॅरेनलाच आधी आल्या आणि मग उर्मिलालाही. आता दोन्ही घरांत मिळून तीन मुलं कडुलिंबाच्या पाल्यात लोळतायत आणि कुणाच्या पुळ्या जास्त यावर भांडतायत. इशितानं पेनानं आणखी काढल्या. मी डॉक्टरांना बोलावलं, घाबरून, की एका रात्रीत निळ्या पुळ्या कशा आल्या. डॉक्टरांनी कापसाला स्पिरिट लावून पुसल्या आणि माझ्याकडे बघितलं.

यात काही लपवलेलं नाही. आतापासून लपवणार नाही, म्हणून मुलींनी खाली लिहिण्यासारखं काही उरत नाही. तुम्ही कशा आहात, एवढं कळवा. घरात एकट्या असता, थंडी फार असेल. हे आधी कधी विचारलं नाही. माझं लक्ष फक्त तुम्ही काय मागताय याकडे होतं.

गुणवंत


मीरा रोड, ४ फेब्रुवारी १९९५

प्रिय आजी,

हे पत्र बाबांनी लिहिलेलं नाही. आम्हीच लिहिलंय. एक ओळ इशी, एक ओळ उर्मी.

बाबांना कांजिण्या आल्या.

त्यांना लहानपणी आल्याच नव्हत्या, ते विसरले होते.

आमच्या गेल्या आणि त्यांच्या आल्या, खूप मोठ्या, दाढीत पण.

डॉक्टर म्हणाले मोठ्या माणसांना जास्त त्रास होतो.

त्यांना ताप आहे आणि ते खोलीचं दार लावून बसतात, म्हणतात आत येऊ नका.

आम्ही म्हटलं आम्हाला होऊन गेल्या, आता होत नाहीत, तरी नाही म्हणतात.

आयडा आंटी पेज करते आणि दाराबाहेर ठेवते आणि ओरडते, "गुणवंत, मेलास का हायस?"

मग ते म्हणतात, हाय.

वेण्या आम्ही एकमेकींच्या घालतो, बाबांपेक्षा बऱ्या येतात पण ते त्यांना सांगितलं नाही.

बाबा तापात "आई, आई" म्हणतात.

त्यांची आई आमच्या जन्माच्या आधीच वारली, तर ती तू असशील असं आम्हाला वाटतं.

तू ये.

तुला एक पाहिजे होती ना, इथे आलीस तर दोन्ही मिळतील.

उर्मिला आणि इशिता. (शेवटची ओळ दोघींची आहे.)


मीरा रोड, सोमवार, १३ फेब्रुवारी १९९५

आई,

हे पत्र फक्त भिंतीच्या पलीकडे जायचंय. तिकीट लागणार नाही.

तुम्ही येऊन पाच दिवस झाले. खोलीचं दार मी उघडलं नाही. कारण सांगितलं की तुम्हाला बाधेल. तुम्ही मुलींकरवी उत्तर दिलंत, "त्यांना सांग, वसतिगृहात दर वर्षी कांजिण्या यायच्या, मला काही होत नाही." खरं कारण माझा चेहरा. पुळ्यांचा नव्हे. नोव्हेंबरातल्या त्या पत्रानंतर तुम्हाला तोंड कसं दाखवायचं ते सुचत नव्हतं.

पण आत पडून सगळं ऐकत होतो. तुम्ही आल्या दिवशी उकळलेल्या पाण्याच्या हंड्यावरचं झाकण काढून पाहिलंत आणि परत ठेवलंत, ते ऐकलं. इशिताला उर्मिला समजून तुम्ही रागावलात. ती म्हणाली, "आजी, मी इशिता." तुम्ही म्हणालात, "मग तू का रडतेस?" ती म्हणाली, "उर्मीला रडू येत नाही म्हणून." त्यावर तुम्ही मोठ्यानं हसलात, आणि हसता हसता "नी..." एवढंच म्हणून मधेच थांबलात. मग उर्मिला म्हणाली, "आजी, आईचं नाव घेतलंस तरी चालतं. फक्त आम्हाला नको म्हणूस." आई, हे मी तिला शिकवलेलं नाही. तुम्ही काय उत्तर दिलंत ते ऐकू आलं नाही. नाक ओढल्याचा आवाज आला. कुणाचा ते माहीत नाही.

काल संध्याकाळी जिन्यात आयडाशी तुमचं बोलणं झालं, तेही ऐकलं. तुम्ही म्हणालात, जावयाच्या घरी असं किती दिवस राहायचं, बरं दिसत नाही. ती म्हणाली, "मं माजे घरी रावा. हेन्री मे महिन्यात येल, खोली रिकामीच हाय. दार समोर, पोरी समोर, जावय बी समोर." तुम्ही विचारलंत, मासळी रोज असते का. ती म्हणाली, रोज, शुक्रवारी तर नक्कीच. तुम्ही म्हणालात, "शाळा संपेपर्यंत राहीन. भाजी मात्र मी आणणार." मी इथे पलंगावर उठून बसलो. गेल्या जूनपासून जिवाला लागलेला घोर तेव्हा कुठे मिटला. उन्हाळ्यात दोघींना नाशिकला न्या, महिनाभर ठेवा. मीही येईन अधूनमधून, दारानं.

आता हे का लिहितोय ते सांगतो. मुली शाळेत गेल्यात. निरोप इकडून तिकडे न्यायला घरात कुणी नाही. म्हणून मघाशी तुम्ही स्वतःच दारापाशी आलात आणि विचारलंत, "गुणवंतराव, चहात साखर किती?"

मी ऐकलं. उत्तर द्यायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. ताप नाही, घसाही दुखत नाही. तुम्ही थोडा वेळ थांबलात, मग पावलं स्वयंपाकघराकडे गेली.

ही चिठ्ठी दाराखालून सरकवतोय. दीड चमचा. आणि कप दोन आणा. कडी काढून ठेवतो.